लांडग्याचा वाटा

चैत्र लागला की आमच्या रहिमतपूरच्या घराच्या गच्चीवर रोज सकाळी भांडणं होतात. विषय एकच, पाणी. मी मातीचं एक परळ भरून कठड्याशी ठेवते आणि चहाचा कप घेऊन जिन्याच्या दारात बसते. पहिल्यांदा चिमण्या येतात. त्या बिचाऱ्या घाईघाईनं दोन-दोन चोची मारतात, कारण पुढं काय होणार ते त्यांना ठाऊक असतं. मग साळुंक्या येतात, घरमालकिणीसारखी पावलं टाकत, आणि चिमण्यांना हुसकावतात. साळुंक्यांना कावळा हुसकावतो. सगळ्यात शेवटी कबुतरं येतात. ती कुणालाच हुसकावत नाहीत, नुसती परळात बसतात आणि मग दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळं हे बघताना माझ्या डोक्यात आपोआप तास सुरू होतो: एका जागेची जीव पोसण्याची ताकद किती, तिच्यावर जगणारे किती, आणि त्यांच्यातली स्पर्धा कशी. तोवर चहा गार झालेला असतो.

मागच्या आठवड्यात तात्या आले होते. तात्या म्हणजे माझे वडील. आटपाडीच्या पलीकडच्या आमच्या गावाहून एसटीनं आले. हातात काठी, खांद्याला पिशवी, पिशवीत डाळिंबं आणि आईनं दिलेला जोंधळ्याच्या पिठाचा डबा. सकाळी माझ्याशेजारी पायरीवर बसून त्यांनी गच्चीवरची मारामारी जरा वेळ बघितली.

"भांडी किती ठिवल्यात?"

"एकच की."

"आन् प्यायला येणारी?"

"लय हायती, तात्या." माहेरचं माणूस समोर आलं की माझी भाषाही माहेरी जाते.

"एवढी शिकलीस, पोरांना शिकवतीस, आन् समद्यांना एकाच पाणवठ्यावर बलिवतीस व्हय गं?"

ते उठले आणि टाकीमागच्या अडगळीतून कान मोडलेली एक कढई आणि जुना लोखंडी तवा घेऊन आले. कढई टाकीच्या सावलीत ठेवली, तवा खाली फरशीवर कुंड्यांच्या आड. दोन दिवसांत चिमण्यांनी तवा शोधून काढला, साळुंक्यांनी कढई. कबुतरं परळात बसून राहिली, पण आता त्यांच्या बसण्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. तात्या मिशीतल्या मिशीत हसले. आणि मला तो उन्हाळा आठवला.

त्याला आता सात वर्षं होतील. मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा दीड महिन्याची होती. पहिलं बाळंतपण, म्हणून मी माघातच माहेरी येऊन राहिले होते. त्या दिवसांचा मला आधी वास आठवतो: शेगडीतल्या ओव्याच्या धुराचा, उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि माशांचा. यातला तिसरा वास आमच्या घराला अगदी नवा होता. आम्ही कोरड्या मुलखातली माणसं. आमच्या गावात कुणी बोंबील भाजला तर तो चार आळ्यांना कळायचा. मासा पोहताना बघायचा तर ओढ्याला पाणी यावं लागायचं, आणि ओढ्याला पाणी येणं हीच मुळात बातमी असायची.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं. तात्यांचं निम्मं आयुष्य चालण्यात गेलं. दिवाळी सरली की कळप घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि आभाळ भरून आलं की परत वर माळावर यायचं. मग कालवा आला. योजनेचं पाणी माळावर चढलं आणि ज्या माळावर कुसळं आणि बोरी-बाभळी होत्या तिथं डाळिंबं आणि द्राक्षं उभी राहिली. बागा आल्या म्हणून कुंपणं आली. कुंपणं आली म्हणून वाटा गेल्या. यात कुणाची चूक नव्हती. आमच्याही रानात माझ्या भावानं, दत्तादादानं, डाळिंब लावलंच होतं आणि ते लागल्यावर घरात सगळ्यांचे चेहरे उजळले होते, तात्यांचासुद्धा. पण माळ हिरवागार झाला आणि मेंढरांना तोंड लावायला काही उरलं नाही, हेही तितकंच खरं. कळप दर वर्षी थोडा-थोडा कमी होत गेला. शेवटी उरलेली मेंढरं तात्यांनी एका बाजाराला नेली आणि रिकाम्या हातानं घरी आले.

त्यानंतर ते लिंबाखालच्या बाजेवर बसायला लागले. बसून-बसून माणूस किती बसणार? सकाळी काठी घेऊन उठायचे, फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. त्यांच्याबरोबर आमचा कुत्राही फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. मला ते बघून फार वाईट वाटायचं. पुस्तकात मी वाचलं होतं की एखाद्या जागी एक जात वाढली की दुसरीला ती जागा सोडावी लागते. पण त्या दुसऱ्या जातीत आपले वडील असतील, असं कुठल्या पुस्तकात छापलेलं नसतं.

दादाला वाचायचा नाद नाही, पण त्याला तात्या कळतात. डाळिंबासाठी त्यानं शेततळं खोदून घेतलं होतं, आत काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, भोवती तारेची जाळी, कुणी पडलं तर धरायला चारी बाजूंनी दोर सोडलेले. त्या उन्हाळ्याआधीच्या पावसाळ्यात त्यानं ठरवलं, ह्यात मासे सोडायचे आणि ते तात्यांच्या ताब्यात द्यायचे. मी गौरीसाठी माहेरी आले होते, म्हणून तो दिवस मी डोळ्यांनी बघितला. हवा भरून टम्म फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बोटाएवढे मासे आले, बोटुकली म्हणतात त्यांना. आणून देणारा माणूस समजावून सांगत होता, ह्यात तीन जाती आहेत. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधल्या थरातलं, मृगळ तळाशी. एकाच तळ्यात राहतात, पण एकमेकांच्या ताटात तोंड घालत नाहीत.

तात्या ऐकत होते. म्हणाले, "ह्यात नवं काय हाय? शेरडं मान वर करून झाड वरबाडत्यात आन् मेंढरं खाली बघून गवत खात्यात. म्हणून तर आमी दोन्ही संगट हिंडवायचो."

मला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला यावर एक अख्खं प्रकरण होतं. तात्यांना शेरडू आणि मेंढरू पुरलं.

घोळ पुढं झाला. त्या माणसानं सांगितलं, एवढ्या तळ्याला चार पिशव्या पुरे. तात्यांनी आठ उतरवून घेतल्या. दादा म्हणाला, "तात्या, त्यो चारच म्हणतोय."

"त्येला काय ठावं? शंभर कोकरं झाली म्हंजी शंभर मेंढरं होत न्हाईत, दत्ता. काय रोगानं जात्यात, काय गारठ्यानं. चार लांडगा उचलतो. लांडग्याचा वाटा आधी बाजूला धरायचा आन् मगच कळप मोजायचा."

आठही पिशव्या तळ्यात गेल्या. त्याच संध्याकाळी तात्यांनी घराच्या दाराशी भिंतीत एक खुंटी ठोकली. आई भाकरी टाकता-टाकता बाहेर आली, "ही कशाला?"

"ह्यो माझा शेवटचा कळप. जगला तर जगला. न्हाई जगला, तर काठी हितं अडकवायची आन् गप बसायचं. परत कुठल्या जिवाला हात लावायचा न्हाई."

"घरात जनावर आलं न्हाई तवर त्येचं मरान बघताय? शुभ बोला की जरा!" आईनं पिठाचा हात कपाळाला लावला. पण तात्या जे बोलतात ते करतात, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. त्या दिवसापासून येता-जाता आमची नजर त्या खुंटीवर जायची.

हिवाळा मजेत गेला, असं आई फोनवर सांगायची. तात्या पेंडीचा पत्र्याचा डबा काठीनं वाजवायचे आणि मेंढरांना घालायची तीच हाळी माशांना घालायचे, जीभ टाळ्याला लावून र्र्र्र करायचे. महिन्याभरात मासे त्या आवाजाला काठाशी यायला लागले. गाव बघायला यायचं. पाखरांचा त्रास नको म्हणून दादानं तळ्यावर आडव्या-उभ्या चमकत्या पट्ट्या ताणल्या होत्या. वारा आला की त्या फडफडायच्या आणि उन्हात सगळं तळं चमचम करायचं. तात्या मला फोनवर अभिमानानं सांगायचे, "सुमे, एकबी गेलं न्हाई. अजून एकबी न्हाई."

मी माघात आले आणि तळ्यावर गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं, गेलं एकही नव्हतं, पण वाढलंही एकही नव्हतं. पाच महिन्यांत जे मासे हातभर नाही तरी वीतभर व्हायला हवेत ते बोटाएवढेच होते. जरा जाड बोटाएवढे म्हणू. शिवाय त्यांच्यात चौथीच एक जात दिसत होती. राखाडी, पाठीवर काट्यांचा पंखा, आणि ती मात्र पिल्लं काढून-काढून वाढत होती. ती चिलापी. बोटुकल्यांच्या पिशवीतून न सांगता आलेली. ती वरचं खाते, मधलं खाते, खालचं खाते, आणि ताट कुणाचं हे विचारत नाही.

मग ऊन वाढलं. डाळिंबाला पाणी लागायला लागलं आणि तळं उतरायला लागलं. कालव्याचं पाणी पाळीनं यायचं आणि पाळी कधी लागणार हे कुणी नक्की सांगत नव्हतं. काळ्या कागदावर आधीच्या पाण्याच्या रेघा दिसायला लागल्या, पायऱ्यांसारख्या, रोज एक पायरी खाली.

एका सकाळी, तांबडं फुटत होतं, मुक्ता उठून रडायला लागली म्हणून मी तिला खांद्यावर घेऊन अंगणात आले. तळ्याकडं तात्यांची आकृती दिसली. ते नेहमीसारखे उभे नव्हते, उकिडवे बसले होते. मी गेले. सगळ्या तळ्यावर तोंडंच तोंडं होती. मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. आवाज येत होता बारीक, पच पच असा. तात्या डबा न वाजवता नुसते बघत होते.

"सुमे, ह्येंच्या तोंडाला काय झालं गं?"

"पाण्यातली हवा संपलीय, तात्या. पाणी थोडं आन् तोंडं लय."

दादानं पंप लावून तळ्यातलंच पाणी वरून धारेनं तळ्यात सोडलं तेव्हा ऊन वर येईपर्यंत मासे सावरले. त्या दिवशी काही पोटं वर करून गेले, पण थोडेच. मी मात्र गप्प बसले नाही. बाळंतिणीनं बोलू नये एवढं बोलले. अंगणातल्या धुळीत काडीनं आकृती काढून तात्यांना शिकवायला लागले: सुरुवातीला कळप हळू वाढतो, मग भराभर, मग जागेची ताकद संपते आणि रेघ आडवी होते. त्याच्या वर नेली तर कोसळते. प्रत्येक जागेला पोसायची एक हद्द असते. तुम्ही चारच्या जागी आठ घातल्या. आता अर्धे मासे काढून टाका.

तात्यांनी ती रेघ नीट बघितली. मग म्हणाले, "ह्ये मला कशाला सांगतीस? रान किती, मेंढरं किती, ह्ये मला बारा वर्साचा असल्यापास्नं ठावं हाय." तळ्याकडं बघत म्हणाले, "मी लांडग्याचा वाटा सोडला. पर हितं लांडगाच न्हाई की गं."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला हसूही आलं आणि रडूही. त्यांच्या सगळ्या शहाणपणात एक लांडगा गृहीत होता. कुंपणाच्या आत, कागदाच्या तळावर, चमकत्या पट्ट्यांखाली, दादानं लांडग्याला वाव म्हणून ठेवला नव्हता. कुणीच मरत नव्हतं, आणि म्हणूनच आता सगळे मरायला टेकले होते.

तात्या उठले, कमरेचा विळा काढला आणि तळ्यावरच्या पट्ट्या सटासट कापायला लागले. दादा बागेतून पळत आला. "तात्या, काय करताय! पाखरं येतील!"

"येऊ देत. त्येंचीच वाट बघतोय."

"जलमभर लांडग्याच्या मागं कुत्री सोडली तुमी!"

"सोडली की. म्हणून तर त्येची किंमत मला ठावं हाय."

तीन दिवसांनी पाणकावळे आले. चारच होते, काळे, ओल्या कोटातल्या माणसांसारखे. आधी तारेच्या खांबावर बसून अंदाज घेतला आणि मग बुडी मारली. पुढच्या बुडीला प्रत्येकाच्या चोचीत मासा. पाठोपाठ एक खंड्या आला, मग एक राखी बगळा येऊन काठावर पाहुण्यासारखा उभा राहिला. तात्या बाजेवरून उठून तिकडंच जाऊन बसले. प्रत्येक बुडीला मांडीवर थाप मारायचे. "आला रं आला! उचल, उचल!" आई कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्येंच्या मासांवर डाका पडलाय आन् ह्ये नाचायला लागल्यात." आमचा कुत्रा आधी भुंकला, मग मालकाचा रंग बघून गोंधळून बसला.

पण चार पाणकावळे खाऊन-खाऊन किती खाणार? एवढ्या दिवसांची चूक त्यांच्या पोटात मावणार नव्हती. पाणी रोज उतरत होतं, पहाटेचा तो पच पच आवाज परत सुरू झाला होता. तात्यांचं जेवण कमी झालं. एकदा मी बघितलं, ते दाराशी उभे राहून काठीच्या मुठीला बांधलेली दोरी त्या खुंटीत अडकतेय का ते बघत होते. मला बघून त्यांनी काठी पटकन मागं घेतली. पण त्या क्षणी मला कळलं की तळ्यातले मासे मेले तर माशांबरोबर आणखी एक जीव बाजेवर आडवा होणार आहे.

मी परत तेच सांगितलं, अर्धे काढून टाका. तात्या या वेळी चिडले.

"टाका म्हंजी? पाळलेलं जनावर कुणी टाकत न्हाई, सुमे. त्ये वाट्यानं देत्यात."

वाट्यानं देणं ही आमच्याकडची जुनी रीत. दुष्काळाच्या साली ज्याच्याकडं मेंढरं जास्त आणि चारा कमी, तो आपल्या मेंढ्या चारा असलेल्याला पाळायला द्यायचा. मेंढी आपलीच राहायची, होणारी कोकरं निम्मी-निम्मी. कळप फुटायचा, पण मरायचा नाही. एका रानाचं ओझं दहा रानांवर जायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी धुळीत रेघ काढताना एकदाही सुचलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तात्या पटका बांधून गेले आणि जिथं मेंढरांचा बाजार भरतो तिथं, आपल्या जुन्या जागेवर, बसले. मी नव्हते, दादानं सगळं रंगवून सांगितलं. तात्यांनी जाहीर केलं, माझ्याकडं मासं हायती, वाट्यानं द्यायची हायती. आधी सगळे हसले. "तात्या, कोकरू झालं तर ओळखायचं कसं?" "लोकर कवा कातरायची?" तात्यांनी सगळ्यांना हसू दिलं. मग म्हणाले, "वाढलेल्या मासांत निम्मं तुमचं, निम्मं माझं. आन् एक अट हाय. मी कवाबी येऊन बघून जाणार. बघायचा हक्क माझा." योजनेच्या पाण्यानं आता गावोगाव शेततळी झाली होती आणि बहुतेकांत नुसतं पाणीच होतं. हसता-हसता लोक विचारात पडले.

पुढची सकाळ मी आयुष्यात विसरणार नाही. उन्हाआधी मासे हलवायचे, म्हणून उजाडताच माणसं यायला लागली. दुधाचे कॅन घेऊन, हंडे घेऊन, एकानं तर मुलाच्या बारशाचा नवाकोरा पिंप आणला होता. एकजण डाळिंबाच्या फवारणीचं बॅरल घेऊन आला तेव्हा मी मुक्ताला काखेत मारून ओरडले, "त्यात न्हाई! मरतील समदी!" तो बिचारा परत जाऊन कळशी घेऊन आला. मासे धरायचे कसे हा प्रश्न निघाला तेव्हा तात्यांनी माळ्यावरून वाघर काढली, मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या भोकांतून हाताचा पंजा जात होता, तिथं बोटाएवढा मासा काय अडणार? आईनं इकडं-तिकडं बघितलं, घरात गेली आणि मुक्ताच्या बाजेवरची मच्छरदाणी सोडवून आणली. दाभणानं ती वाघरीला आतून टाचली. मुक्ताला त्या दिवसापासून पदराखाली झोपावं लागलं, पण तिनं तक्रार केली नाही.

दोन बाजूंनी दोर धरून चौघांनी ती जाळी ओढली. तात्या डबा वाजवत काठावरून चालत होते, र्र्र्र करत, आणि मासे त्या आवाजाला जाळीत येत होते. काठावर मी आणि आई बसलो, चिलापी एकीकडं, बाकीचे दुसरीकडं. आईला पहिल्या दहा मिनिटांत माझ्यापेक्षा चांगलं ओळखायला येऊ लागलं. "ह्यो काटेवाला चोर हिकडं," ती म्हणायची. गलका, पाण्याचे हबके, हसणं, सगळ्यांची अंगं चिंब. कॅन भरला की माणूस पळत सुटायचा. बाळंतिणीनं पाण्यात हात घालू नये असं सांगणाऱ्या शेजारच्या काकूच शेवटी कोपरापर्यंत तळ्यात होत्या.

सगळ्यांत शेवटी नेमगोंडाअण्णा आले. ते तासगावाकडचे जैन शेतकरी, आमच्या शिवेला लागून त्यांची द्राक्षबाग आणि भलं मोठं शेततळं. ते मासे नेतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अण्णा हात जोडून म्हणाले, "तात्या, तुमची मासं तडफडत्यात असं ऐकलं. माझ्याकडं पाणी हाय. पर मी वाटा घेणार न्हाई आन् देणारबी न्हाई. माझ्या तळ्यात त्येंना कुणी मारायचं न्हाई."

"माझ्या वाट्याचंबी?"

"तुमच्या वाट्याचंबी."

तात्यांनी काठीवर हनुवटी टेकून विचार केला. "बघायला येऊ का?"

"रोज या की. च्या ठिवतो."

"मग न्या. एक कळप तरी म्हातारा होऊन मरू दे."

चिलापीचं काय करायचं हा प्रश्न तात्यांनी एका वाक्यात सोडवला, जे न बोलावता येतं ते पहिलं पातेल्यात जातं. स्वयंपाकघरात मासा शिजणार नाही असं आईनं ठणकावलं, म्हणून अंगणात तीन दगडांची चूल मांडली. आमच्यात कुणालाच मासा करता येत नव्हता. आईनं मटणाचा करायचा तोच काळा मसाला, तेच खोबरं आणि तोच सढळ रस्सा केला. गावातली निम्मी माणसं भाकरी बांधून आली. खाताना सगळे गप्प होते, एक म्हणजे चव लागत होती आणि दुसरं म्हणजे काट्यांची भीती होती. तात्यांनी चार घास खाल्ले, बोटं चाटली आणि लिंबाकडं बघून म्हणाले, "लांडगा उगीच वेडा न्हवता."

आमच्या तळ्यात शेवटी चार पिशव्यांपेक्षाही कमीच मासे राहिले असतील. पहाटेचा आवाज थांबला. कालव्याची पाळी लागायला अजून बरेच दिवस होते, पण ते आम्ही मोकळ्या मनानं काढले. मी वैशाखात सासरी परत आले तेव्हा तळ्यातले मासे वीतभर झाले होते, इतक्या झटक्यात, की आई म्हणाली, दृष्ट काढायला पाहिजे. एका जागेत कमी झाले की उरलेले वाढतात, हे मी वर्गात दर वर्षी सांगते. फळ्यावर तीच रेघ काढते. पण ती काढताना माझ्या डोळ्यांपुढं रेघ नसते, तांबड्या मातीच्या बांधावरून कॅन घेऊन धावणारी माणसं असतात.

पाणकावळे दर वर्षी येतात. आता सहा-सात असतात. दादा कुरकुरतो, पट्ट्या मात्र परत लावत नाही. तळ्याचा एक कोपरा त्यांना सोडून दिलाय, बाकीच्यावर जाळी घातलीय. बोटुकल्या घेताना आता आधी पाणकावळे मोजायचे आणि मग पिशव्या सांगायच्या, असा आमच्या घरचा हिशेब आहे. नेमगोंडाअण्णांच्या तळ्यातला एक कटला आता कोकराएवढा झालाय म्हणे. तात्या दोन्ही हात पसरून दाखवतात. दर खेपेला हात थोडे जास्त पसरतात, म्हणून मी ते मान्य करत नाही.

तात्या गुरुवारी परत गावी गेले. काल रविवार होता, पोचल्यावर फोन केला नाही म्हणून मीच लावला. आईनं उचलला.

"तात्या हायती का गं?"

"घरात असतील तर खरं! आल्यापास्नं एक दीस ठरलं न्हाईत. परवा पल्याडच्या गावच्या तळ्यावर, काल अण्णांच्या. आज सकाळीच निघाल्यात, म्हणाले, चार दीस बघितलं न्हाई, कळप हुडकत असंल मला. अकरा गावची तळी झाल्यात आता, पाळीपाळीनं हिंडत्यात. कुत्रंबी संगटच."

"आन् काठी?"

आई हसली. तिच्या मागं कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज आला, मग ती म्हणाली, "काठीचं काय घिऊन बसलीस? त्या खुंटीला मी लसणाची जुडी टांगलीय."